ओढ्यापलीकडचा नळ आणि माझं परीक्षण

आमच्या गावात एखाद्या अन्यायावर चांगली कथा छापून आली की तो अन्याय दूर होतो. कथा जेवढी चांगली उतरते, तेवढं काम होतं. माझ्या कथांनी आजवर एसटी स्टँडवर एक बाक आणला. तो डुगडुगतो.

त्यामुळे सुलभा रणपिसे यांची कथा साप्ताहिकात आली आणि त्याच सकाळी ओढ्यापलीकडच्या त्यांच्या वस्तीत नळाला पाणी आलं, तेव्हा माझ्या पोटात दुखलं. गावची पाइपलाइन ओढ्याशी येऊन वर्षानुवर्षं थांबली होती. पलीकडे चढ आहे, असं नगरपालिका सांगे. पलीकडे चढ नाही, रणपिसे आणि ओव्हाळ राहतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मीही या विषयावर दोनदा लिहिलं होतं. दोन्ही वेळा पाइपला बाहेरून घाम आला, बस्स.

मी परीक्षण लिहिलं. ‘भाषा ओबडधोबड. शेवट ओढूनताणून आणलेला.’ ते छापून आलं आणि नळ बंद पडला.

पाणीपुरवठ्याचे भोईटे साहेब कात्रण घेऊन घरी आले.

“आफळे सर, शेवट ओढूनताणून म्हणजे, वस्तीत पाणी आलं हे तुम्हाला पटत नाही?”

“वाङ्मयीनदृष्ट्या नाही.”

“मग आम्ही सोडायचं कसं? व्हॉल्व्ह फिरवून माणसांचे हात भरून आले. न पटलेलं पाणी पुढं सरकत नाही.” त्यांनी चहा बशीत ओतला. “शेवट पटला, एवढं लिहून द्या. बाकी भाषेचं आमच्या खात्याकडे येत नाही.”

“लिहा की,” आतून माझी बायको शालन म्हणाली. “चांगल्याला चांगलं म्हणताना जीभ झडते का?”

मी लिहिलं, ‘समाजभान जागवणारी आश्वासक लेखणी.’ नळातून नुसती हवा आली.

दुसऱ्या दिवशी सुलभाताई स्वतः आल्या. कमरेवर रिकामी कळशी होती.

“सर, माझी कथा वाचलीय का तुम्ही?”

“चाळलीय.”

“मग वाचा. नाही आवडली तर तसं लिहा, मी दुसरी लिहीन. पण न वाचता कौतुक नका करू. काल आमच्या पोरी हंड्यात हवा भरून घरी आल्या.”

त्या गेल्यावर मी कथा वाचायला घेतली. तिच्यात एक आई पाहुण्याला पाण्याचा तांब्या देते आणि पाठ फिरवते. तो किती पितोय हे आपल्या डोळ्यांनी मोजू नये म्हणून. मी तिथंच थांबलो. मला रडू आलं नाही, राग आला. नळ उशाशी असलेल्या माणसाला हे सुचणारच नव्हतं, आणि तरी ते मलाच सुचायला हवं होतं.

मी नवं परीक्षण लिहिलं. ‘शेवट पटला. ती पाठ फिरवणारी आई मला सुचली नाही. या बाईंचा मला हेवा वाटतो. जन्मभर वाटेल.’

अंक बाहेर पडला आणि वस्तीत पाणी आलं. हंडे भरले, पिंपं भरली, ओव्हाळांची म्हैस धुऊन झाली, तरी तोटी बंद होईना. भोईटे साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्या दारात उभे राहिले.

“सर, दाब फार झालाय. हेवा थोडा कमी करता येईल का? निम्म्यावर आला तरी चालेल.”

सरकारी कामात अडथळा नको म्हणून मी डोळे मिटून मनापासून प्रयत्न केला. पण सुलभाताईंची नवी कथा सकाळीच आली होती, आणि ती मी दोनदा वाचली होती.

“नाही जमत,” मी म्हणालो.

“मग मोठी टाकी बांधावी लागेल,” भोईटे साहेब म्हणाले आणि वस्तीत जागा बघायला गेले.