पहिलं पाऊल, तिसऱ्यांदा

सावधगिरीचा इशारा ऐकणाऱ्याचं तोंड रिकामं असताना द्यावा, असा संकेत सर्व सुसंस्कृत समाजांत आहे आणि तो कुठेच पाळला जात नाही. जोनेल टॅलबर्टला तिच्या आयुष्यातला एकमेव उपयोगी इशारा मिळाला, तेव्हा तिच्या तोंडात स्वतःच्याच लग्नाचा केक होता. मिसिसिपीतल्या त्यांच्या चर्चच्या मागच्या सभागृहात मिस व्हर्डेल (तिकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात) तिच्या शेजारी येऊन बसल्या. मिस व्हर्डेलचे यजमान एकेकाळचे नामांकित झेलकरी होते. झेलकरी म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या, संघातला तो गडी, ज्याने लांबवर धावत जायचं आणि फेकलेला चेंडू झेलायचा. जोनेलचा नवरा लिंडेल हाही झेलकरीच. मिस व्हर्डेल यजमानांच्या बशीतल्या केकचे बारीक बारीक तुकडे करत होत्या (यजमान अजून साठीलाही पोचले नव्हते), आणि तुकडे करता करताच म्हणाल्या,

"पोरी, एक सांगून ठेवते. तो पडला ना, की सगळी दुनिया बघणार चेंडू हातात राहिला का. तू चेंडूकडे बघू नकोस. तो उठून कुठे चालत जातो ते बघ."

"हो, मिस व्हर्डेल. नक्की, मिस व्हर्डेल," जोनेल म्हणाली, आणि मनात म्हणाली, बिचाऱ्या. जोनेलकडे बालविकास या विषयाची पदवी होती, त्यामुळे तिला अनुभवी बायकांच्या सल्ल्याची गरज नव्हती. इशारा केकबरोबर पोटात गेला.

झेलकऱ्याच्या कारकिर्दीविषयी जनमानसात बरेच गैरसमज आहेत. ते इथेच दूर केलेले बरे. ही कारकीर्द साधारणपणे कपडे धुण्याच्या यंत्राच्या गॅरंटीइतकी टिकते (यंत्र त्यानंतरही चालतं). कामाचं स्वरूप सोपं आहे. जिवाच्या आकांताने पुढे पळायचं आणि मान वळवून मागे, वर बघायचं, कारण चेंडू तिकडून येतो. ज्या बाजूने माणूस येऊन आदळणार असतो ती एक बाजू सोडून बाकी सगळीकडे बघायची झेलकऱ्याला पूर्ण मोकळीक असते. आदळणारा गडीही वाईट माणूस नसतो. त्यालाही बायकोमुलं असतात आणि ती प्रेक्षकांत बसून "हाण!" म्हणत असतात.

या धंद्यात शिव्या पुष्कळ आहेत, पण लागते ती एकच. "त्याला पावलं ऐकू येतात." मागून धावत येणाऱ्याची पावलं ज्याला ऐकू येतात तो ऐन वेळी अंग चोरतो, चेंडू सुटतो, आणि पुढच्या हंगामात तो गृहस्थ एखाद्या मोटारींच्या दुकानात गिऱ्हाइकांना कॉफी देताना आढळतो. लिंडेलला पावलं कधीच ऐकू आली नाहीत. "याच्या मागून मालगाडी आली तरी हा चेंडूच बघेल," असं प्रशिक्षकांनी वर्तमानपत्रात सांगितलं होतं. ते कात्रण जोनेलच्या सासूबाईंनी चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावलं. येशूच्या तसबिरीशेजारी, किंचित वर.

अर्थात गड्यांच्या डोक्याची क्लबला काळजी नाही असं कुणी समजू नये. दर उन्हाळ्यात, हंगामाआधी, क्लबचे डॉ. हॅल्व्हरसन प्रत्येक गड्याला पाच शब्द सांगतात, जरा इकडचं तिकडचं बोलतात आणि मग तेच शब्द विचारतात. किती आठवले तो आकडा म्हणजे त्या डोक्याची अधिकृत प्रकृती. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की गड्याला पडद्याआड नेऊन पुन्हा पाच शब्द. आकडा खाली आला तर गडी बाहेर. तेवढाच राहिला तर गडी ठणठणीत. ही व्यवस्था इतकी निर्दोष आहे, की तिच्यातून वाट काढायला गड्यांना अख्खी एक दुपार लागली. उन्हाळ्यातच कमी शब्द सांगायचे. जो धडधाकट असतानाच थोडा विसराळू ठरला, त्याला पुढे कोण विसराळू म्हणणार?

बहुतेक गडी हे काम अडाणीपणाने करतात. पाचातला एकच शब्द सांगतात, मग डॉक्टर भुवया उंचावतात. लिंडेलच्या घरात मात्र पदवीधर होती. जोनेलने रीतसर शिकवणी सुरू केली. डॉक्टरांकडच्या शब्दांचे संच मोजकेच आणि वर्षानुवर्षं तेच. ते गड्यांच्या सगळ्या बायकांना तोंडपाठ असतात, तसे तिलाही कळले. शब्द नीट विसरायचा असेल तर आधी तो नीट पाठ पाहिजे, हे तिचं अध्यापनशास्त्र.

"चल, म्हण."

"चमचा, घोडा, खिडकी, लिंबू, दोरी."

"पाचही? अरे, तू तिथे बक्षीस घ्यायला चाललायस का? मधले दोन सोड. पहिला कुणी विसरत नाही, शेवटचे कानात असतात. माणसं मधलेच विसरतात."

"मग घोडा सोडतो."

"घोडा आणि खिडकी. आणि आठवल्यासारखं करून जरा वर बघ."

"वर बघायचं मला नको शिकवूस, जो. त्याचाच पगार घेतो मी."

उन्हाळ्यात लिंडेलला पाचापैकी तीन शब्द आठवले. डॉ. हॅल्व्हरसननी पाठ थोपटली. जोनेलने त्या दिवशी कॅटफिश तळला, मक्याचा पाव केला आणि आपल्या शिक्षणाचा संसाराला उपयोग झाला म्हणून देवाचे आभार मानले.

जोनेल निष्काळजी बाई होती असा कुणाचा समज होत असेल तर तो चुकीचा आहे. त्यांची मुलगी ओडेसा रांगायला लागली तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कोपऱ्याला फोम चिकटवलेला होता. टेबल, कपाट, बाथटब, दाराची चौकट, बायबलचं स्टँड आणि फ्रिजचं वरचं टोक (त्या उंचीला पोचायला ओडेसाला चौदा वर्षं तरी लागली असती). शरदाच्या अखेरीस एकदा ओडेसा सोफ्यावरून गालिच्यावर घरंगळली आणि हसली. जोनेलने इस्पितळाच्या नर्सला फोन केला. नर्सने आवाजावरूनच ओळखलं, "मिसेस टॅलबर्ट ना? आज काय आपटलं?" तेवढ्याने समाधान न होऊन जोनेलने डॉ. हॅल्व्हरसननाही फोन केला, जे तीस वर्षांत कुठल्याही बाळाला भेटलेले नव्हते. मग बॅटरी लावून ओडेसाच्या डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या, पडदे ओढले, दिवसभर घरात टीव्ही नाही, गाणं नाही, मोठ्याने बोलणं नाही. मेंदूला विश्रांती हवी. हे सगळं तिला शिकवलेलं होतं आणि ती पहिल्या वर्गात पास झाली होती.

त्याच आठवड्यातल्या रविवारी लिंडेलवर मागून माणूस आदळला.

चेंडू हातातच राहिला, हे आधी नमूद केलं पाहिजे. सत्तर हजार लोक उभे राहिले. लिंडेल थोडा वेळ पडून होता. एका हाताची बोटं झाडाच्या काटक्यांसारखी ताठ वर राहिली होती. मग तो उठला, हेल्मेट सारखं केलं, चेंडू पंचांच्या हातात अदबीने दिला आणि शांतपणे चालत जाऊन विरुद्ध संघाच्या बाकावर बसला. त्यांनी त्याला पाणी दिलं. तो "थँक यू" म्हणाला.

"अगं, तुझा नवरा त्यांच्याकडेच जेवायला चालला बघ!" शेजारी बसलेल्या दुसऱ्या एका गड्याच्या बायकोने जोनेलला ढोसलं, आणि सगळं मैदान हसलं. जोनेलही हसली. खरं सांगायचं तर ती सगळ्यांच्या आधी हसली. मोठ्या पडद्यावर तो प्रसंग गमतीदार संगीत लावून पुन्हा दाखवला, तेव्हा ती पुन्हा हसली.

पडद्याआड लिंडेलने तीन शब्द सांगितले. चमचा, लिंबू, दोरी. उन्हाळ्यात तीन, आता तीन. तो मैदानात परतला. शिकवणीचं चीज झालं.

मंगळवारी गड्यांना सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी ओडेसाने सोफा सोडला, दोन्ही हात वर केले आणि लिंडेलच्या गुडघ्यापर्यंत चालत आली. लिंडेल ढसाढसा रडला. त्याने क्लबच्या त्या थंड गावातून मिसिसिपीला आईला फोन लावला. "मम्मा! पोरगी चालली! पहिलं पाऊल!"

"अरे देवा," सासूबाई म्हणाल्या, "आणि मी इथे मेली भेंडी चिरत बसलेय!"

गुरुवारी दुपारी लिंडेल सरावाहून आला. ओडेसा स्वयंपाकघरातून डुगडुगत त्याच्याकडे गेली, आणि तो ओरडला, "जो! धाव! ही चालली! अगं, पहिल्यांदा चालली!" जोनेल हातातलं टाकून धावत आली तोवर त्याने फोन लावलाही होता.

"लिन," फोनमधून सासूबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, "मग मंगळवारी टाकलं ते काय होतं, बाळा?"

लिंडेल क्षणभर जोनेलच्या तोंडाकडे बघत राहिला. समोरच्या गड्याच्या खांद्यावरून तो कुठे वळणार हे ओळखणं हाही झेलकऱ्याच्या कामाचा भाग असतो. मग हसला. "गंमत केली गं मम्मा. विसरण्याचा सराव चाललाय माझा. विचार हिला, हीच माझी मास्तरीण."

जोनेलही हसली. हसताना तिने टेबलाचा कोपरा घट्ट धरला होता (कोपऱ्याला फोम होता).

शुक्रवारी ओडेसाने तिसऱ्यांदा पहिलं पाऊल टाकलं. या खेपेला लिंडेलने फोन केला नाही. तो खाली बसला, तिला छातीशी धरलं आणि मंगळवारसारखाच रडला. ओडेसाने टाळ्या वाजवल्या. चाललं की काहीतरी मोठं घडतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. फुटबॉलच्या घरांतली बहुतेक बाळं बाप परगावी सामन्याला गेलेला असतानाच चालायला लागतात (जोनेलने ओळखीच्या चार बायकांना विचारून काढलेली आकडेवारी). ओडेसाच्या बापाने तिचं पहिलं पाऊल तीनदा पाहिलं. असा भाग्यवान बाप देशात दुसरा नसावा.

"मी डॉक्टरांना सांगणार आहे," जोनेल म्हणाली.

"काय सांगणार? मी गंमत करत होतो."

"तू रडत होतास, लिंडेल."

"जो, हंगाम संपत आलाय. त्यानंतर नवा करार. एकदा सही होऊ दे, मग तू म्हणशील तिथे डोकं दाखवतो. आत्ताच काय झालं तुला? पावलं ऐकू यायला लागली?"

त्या घरात याहून वाईट कुणी कुणाला बोललेलं नव्हतं.

"हो," जोनेल म्हणाली. "आणि तिन्ही वेळची माझ्या लक्षात आहेत."

डॉ. हॅल्व्हरसन तिच्याशी फार सौजन्याने वागले. तिने सगळं कबूल केलं. शिकवणी, घोडा, खिडकी, वर बघणं. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं. "सोफ्यावरून पडलेल्या बाळाबद्दल तुम्हीच फोन केला होता ना, मिसेस टॅलबर्ट?" त्यांनी विचारलं. तीच. "बाळ कसं आहे?" बाळ छान होतं. मग त्यांनी लिंडेलला आत बोलावलं आणि तिच्या समाधानासाठी, नियमात बसत नसतानाही, चाचणी पुन्हा घेतली.

"चमचा, घोडा, खिडकी, लिंबू, दोरी," लिंडेल म्हणाला. एका दमात.

डॉक्टरांनी चष्मा काढला. उन्हाळ्यात तीन, मार बसल्यावर तीन, आता पाच. हंगामात डोकं सुधारलेला गडी त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

"अहो, हे पाठ आहेत त्याला!" जोनेल म्हणाली. "मीच पाठ करून घेतलेत!"

"मग तुम्ही उत्तम शिकवलंत."

"दुसरे शब्द विचारा. कुठलेही. तुमच्या मनातले."

"मनातले शब्द आम्हाला चालत नाहीत, मिसेस टॅलबर्ट," डॉक्टर म्हणाले. "प्रमाणित लागतात." आणि बाळंतपणानंतर आयांना वाटणाऱ्या काळजीवर एक छोटी पुस्तिका त्यांनी तिच्या हातात ठेवली. पुस्तिका चांगली होती. जोनेलने ती कॉलेजातच वाचलेली होती.

परतताना गाडी जोनेल चालवत होती. लिंडेल खिडकीबाहेरचं गोठायला आलेलं तळं बघत होता. बऱ्याच वेळाने त्याने हळूच विचारलं, "जो, दोन सोडायचे होते ना? कोणते गं ते?"

येत्या रविवारी लिंडेल टॅलबर्ट खेळणार आहे. त्याचं डोकं त्या संघातलं अधिकृतरीत्या सर्वांत सुधारलेलं डोकं आहे. त्यामुळे जोनेलपाशी आता अर्ज करण्याजोगं कार्यालय उरलेलं नाही, आणि म्हणून तिच्या वतीने ही विनंती आपल्याला करण्यात येत आहे. वर, लिंडेल दुसऱ्यांच्या बाकावर जाऊन बसला तिथे आपण हसलात. त्याबद्दल तिची तक्रार नाही. तीही हसली, आणि तिचं तर त्याच्याशी लग्न झालेलं आहे. पण रविवारी सामना लावाल तेव्हा चौऱ्याऐंशी क्रमांकाच्या गड्यावर जरा लक्ष ठेवा. तो पडेल. सगळी दुनिया बघेल चेंडू हातात राहिला का. आपण चेंडूकडे बघू नका. तो उठून कुठे चालत जातो ते बघा, आणि तिला कळवा. ओडेसाला कडेवर घेऊन ती स्वतः तिथे असेलच, आणि बघणारही आहे. पण तो पडला की तिची नजर अजून आधी चेंडूकडेच जाते, असं तिच्या निदर्शनास आलेलं आहे.