बालवाडीतून बाळ येशू नाहीसा होतो

"या डोंगरात तीन हजार मीटर उंचीवर हवा विरळ आणि बुद्धी त्याहून विरळ. जी काही आहे ती बहुतेक माझ्याकडे जमा झाली आहे. माणसावर एकदा नजर टाकली की तो काल काय जेवला, कोणाशी खोटं बोलला आणि उद्या कशाबद्दल माफी मागणार, हे मी सांगू शकतो. लिहून घ्या, दामासो."

मी लिहून घेतलं. इन्स्पेक्टर एलियोदोरो रांहेल स्वतःबद्दल बोलू लागले की मी लिहून घेतो. लिहिताना वर बघावं लागत नाही, एवढाच त्यात माझा फायदा. ते इन्स्पेक्टर होते हे मात्र खोटं नाही. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं त्यांनी घरोघरचे मीटर तपासले. निवृत्तीनंतर खातं सुटलं, हुद्दा चिकटून राहिला आणि लोकांच्या परसात विचारल्याशिवाय वाकून बघायची सवयही.

मी आमच्या गावच्या वाचनालयात कारकून होतो. छप्पर गळून पुस्तकं भिजली आणि वाचनालय बंद पडलं. तेव्हापासून आठवड्यातून तीन सकाळी मी बालवाडीत गोष्टी वाचून दाखवतो. माझा आवाज सुरू झाला की पाच मिनिटांत मुलं झोपतात. ही ईश्वरी देणगी आहे, असं ओमाइराबाई म्हणतात. तो टोमणा असावा, पण मला खात्री नाही. मला बहुतेक गोष्टींची नसते, आणि पुढे जे घडलं त्यात या स्वभावाचाही दोष आहे.

सणासुदीत बालवाडीला शिकवण्यासारखा आनंद नाही, असं मोठ्यांच्या शाळेतले शिक्षक म्हणतात. ओमाइराबाईंच्या वर्गात एकोणीस मुलं. डिसेंबरात त्यांनी एकच गाणं रोज अकरा वेळा म्हटलं आणि तरी ते एकालाही पाठ झालं नाही. नाताळच्या नाटकातल्या तिन्ही राजांना एकच राजा व्हायचं होतं. येशूजन्माच्या देखाव्यातली कापसाची एक मेंढी कोणीतरी खाल्ली. आपल्या मुलीचे देवदूताचे पंख शेजारणीच्या मुलीपेक्षा लहान का, हे विचारायला एक आई सलग तीन दिवस आली. चमकी तर विचारूच नका. ती केसांत होती, सूपमध्ये होती, आणि एका रविवारी मला ती माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात सापडली. या सगळ्यावर कळस म्हणजे शाळेचा मातीचा बाळ येशू. मुलांनी त्याला कोमट पाण्यात अंघोळ घातली. अंघोळ संपली तेव्हा बादलीत गढूळ पाणी होतं.

म्हणून ओमाइराबाईंना सासूकडे जावं लागलं.

सासूबाई, म्हणजे दोन्या एर्सिलिया (मानाच्या बाईंना आमच्याकडे दोन्या म्हणतात), यांच्या घरचा बाळ येशू देवदाराचा, वीतभर लांब, त्यांच्या आजोबांनी कोरलेला. ओमाइराबाईंच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात सासूनं त्यांच्या हाती साधं पातेलंही सोपवलं नव्हतं. का कोण जाणे, बाळ येशू मात्र दिला. शालीत गुंडाळून देताना एवढंच म्हणाल्या, "हा धड परत आला की मग बघू." काय बघू, ते सांगितलं नाही. ओमाइराबाईंची झोप उडाली ती त्या न सांगितलेल्या गोष्टीमुळे.

आमच्याकडे एक जानेवारीनंतर बाळाला गव्हाणीत पडून राहू देत नाहीत. रेशमी रुमालाच्या झोळीतून त्याला मिरवायचं, व्हायोलिन वाजवायचं, गाणी म्हणायची, अंड्याचा केक आणि गोड वाइन वाटायची आणि मग त्याला देखाव्यात उभं करायचं. जो आळशीपणा करील त्याचा बाळ शेजाऱ्यांनी चोरावा, यात गैर काही नाही. मग मालकानं शोधायला निघायचं, चोरानं पकडलं जायचं आणि केक चोरानं आणायचा, अशी रीत. बालवाडी सुट्टीनंतर उशिरा उघडली, सोहळा शुक्रवारी ठरला, धर्ममाता म्हणून खुद्द दोन्या एर्सिलिया येणार होत्या. आणि त्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी गव्हाणीतल्या गवतात फक्त एक खळगा होता.

ओमाइराबाईंनी आमच्या गावातलं कोणीही करील तेच केलं. त्या हसल्या. रीतीप्रमाणे चोरी झाली, आता चोराला खूण करायची. बेकरीवाल्याला त्यांनी डोळा मारला. त्यानंही मारला. चर्चच्या घंटा वाजवणाऱ्याला मारला, त्यानंही मारला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तर दोन्ही डोळे मारले. आमच्याकडे बाळ कोणी चोरला हे ठाऊक नसणं म्हणजे आपल्याला कोणी विचारत नाही हे कबूल करणं. त्यामुळे बुधवारी संध्याकाळपर्यंत ओमाइराबाईंकडे तीन चोर जमा झाले होते आणि बाळ येशू एकही नव्हता. गुरुवारी सकाळी बेकरीवाल्यानंच त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं की बाई, तुम्ही त्याला लपवलाय तरी कुठं. तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"उद्या दहा वाजता आई येणार आहेत," त्या मला म्हणाल्या. "दामासोकाका, मी दुसऱ्या गावाला बदली मागून घेऊ का?"

मी त्यांच्यासाठी एक छोटी खुर्ची ओढली, तेवढ्यात दार उघडलं आणि इन्स्पेक्टर आत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. कधीच कोणी बोलावत नाही, तरी ते वेळेवर येतात.

त्यांचा पहिला हुकूम गुप्ततेचा. हरवलेल्या वस्तूचं नाव कोणीही उच्चारायचं नाही, गुन्हेगार सावध होतो. मग त्यांनी भिंगातून जमीन पाहिली आणि त्यांना चमकीचा माग लागला. तो माग दारातून बाहेर पडला, चौक ओलांडून बेकरीत गेला, तिथून चर्चच्या पायऱ्या चढला, दवाखान्यात जाऊन आला आणि तासाभरानं इन्स्पेक्टरांच्या स्वतःच्या मिशीपाशी येऊन थांबला. त्यांनी मिशी झटकली. मग म्हणाले की चोर अतिशय धूर्त आहे, त्यानं संशय थेट आपल्यावरच, म्हणजे इन्स्पेक्टरवरच, ढकलला.

दुसरा पुरावा भिंतीवर होता. जमिनीपासून हातभर उंचीवर चॉकलेटी हातांचे ठसे, सगळे इवलेसे.

"ठिंगण्या माणसांची टोळी," इन्स्पेक्टर म्हणाले. "किमान आठ जण."

वर्गात एकोणीस ठिंगणी माणसं बसली होती. मी ते सांगणार होतो, पण एवढी उघड गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटेल असं मला वाटेना, म्हणून गप्प राहिलो.

मग त्यांनी मुलांची जबानी घेतली. वस्तूचं नाव घ्यायचं नसल्यामुळे प्रश्न एकच होता: तुम्ही कोणाला चोरी करताना पाहिलं का? या प्रश्नानं वर्गाचं तोंड उघडलं. कोणी कोणाचा लाल खडू घेतला, कोणाच्या डब्यातली मक्याची भाकरी कोणी पळवली, कोणाच्या बापानं शेजाऱ्याचा कोंबडा आणला आणि तो कसा शिजवला, सगळं बाहेर आलं. मी सात पानं लिहिली. त्यातून दोन घरांत पुढे भांडणं झाली. चार मुलं रडली. एकाला शू झाली. यूलिमार नावाच्या पाच वर्षांच्या मुलीनं, आपण चोरी केली नाही, आपली या आठवड्यात आवराआवरीची पाळी आहे, असं दोनदा सांगितलं. इन्स्पेक्टरांनी तिला विषय सोडून बोलू नकोस म्हणून खाली बसवलं.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी गुन्ह्याची पुनर्रचना करायची ठरवली. ओमाइराबाई रात्रभर झोपल्या नव्हत्या. इतका वेळ त्यांनी मुलांसमोर बाईंना शोभेल असा चेहरा ठेवला होता, तो आता राहिला नव्हता. त्या देखाव्यासमोर छोट्या खुर्चीवर गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना चहा आणून दिला, तो त्यांनी हातात धरून ठेवला.

"मी चोर," इन्स्पेक्टर म्हणाले. "वस्तूच्या जागी काहीतरी द्या."

कोणी काही देईना, तेव्हा त्यांनीच कोपऱ्यातल्या बाहुल्यांच्या टोपलीत हात घातला आणि गुलाबी झग्यातली एक बाहुली काढली. ती गव्हाणीत ठेवली, मांजराच्या पावलांनी आले, उचलली, कोटात लपवली, दारापर्यंत गेले, परत आले. हे त्यांनी चार वेळा केलं. प्रत्येक वेळी वेगळा चोर होता.

तिसऱ्या वेळी माझं लक्ष बाहुलीच्या हाताकडे गेलं. उजव्या हाताची दोन बोटं वर होती, आशीर्वाद देताना असतात तशी. आशीर्वाद देणारी बाहुली मी कधी पाहिली नव्हती. पण मला बाहुल्यांतलं काय कळतं? हल्ली अशाही मिळत असतील. तरी मी धीर करून म्हटलं, "साहेब, या बाहुलीची बोटं जरा..."

"दामासो, आपण चोर शोधतोय, बोटं नाही."

मी माफी मागितली.

दोन्या एर्सिलिया दहाला नाही, साडेनऊलाच आल्या. काळी शाल, हातात रेशमी रुमाल, मागे व्हायोलिनवाला. त्यांनी आधी रिकामी गव्हाण पाहिली, मग सुनेकडे पाहिलं. ओमाइराबाई उठल्या. हातातला चहा त्यांनी तसाच खुर्चीवर ठेवला. हे पाहून इन्स्पेक्टर पुढे झाले आणि हातातली बाहुली भाषणात हलवावी तशी हलवत म्हणाले, "बाईसाहेब, घाबरू नका. तपास योग्य माणसाच्या हातात आहे."

यूलिमार आपल्या जागेवरून उठून त्यांच्यापाशी आली आणि दोन्ही हात वर केले.

"त्याला असं हलवू नका," ती म्हणाली. "त्याला उलटी होईल. द्या इकडे, मी झोपवते."

"कोणाला?" ओमाइराबाईंनी विचारलं.

"बाळ येशूला."

व्हायोलिनवाल्यानं टोपी काढली. 

मग सगळं समजलं. सोमवारी शाळा सुटताना यूलिमारनं आवराआवरी केली होती. कुठंही पडलेलं बाळ दिसलं की टोपलीत ठेवायचं, हा नियम ओमाइराबाईंचाच. गव्हाणीत एक बाळ पडलं होतं, कोणी उभं केलेलं नव्हतं. तिनं ते टोपलीत ठेवलं. उघडं होतं आणि थंडी होती, म्हणून झगा घातला. हे आधी का नाही सांगितलंस, असं इन्स्पेक्टरांनी कडक आवाजात विचारलं. यूलिमार म्हणाली की तुम्ही चोराबद्दल विचारत होतात.

दोन्या एर्सिलियांनी इन्स्पेक्टरांच्या हातातून बाळ काढून घेतला. झग्याला चमकी लागलेली होती आणि एका बाहीवर चॉकलेटही होतं. त्यांनी झगा वर करून बाळाचे पाय तपासले, बोटं मोजली, खालीवर करून पाहिलं. ओमाइराबाई श्वास रोखून उभ्या होत्या. मीही होतो, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

"साठ वर्षं माझ्या घरी जानेवारीत उघडा पडलेला असतो," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "माझ्या दोन सुनांपैकी एकीलाही कधी वाटलं नाही याला थंडी वाजत असेल म्हणून. मलाही नाही."

त्यांनी यूलिमारला विचारून झग्याचं वरचं बटण लावलं आणि बाळाला तसंच रुमालात घातलं. रुमालाची तीन टोकं मुलांनी धरली, चौथं त्यांनी सुनेच्या हातात दिलं. व्हायोलिन सुरू झालं. मुलांनी डिसेंबरातलं गाणं चुकीचं म्हटलं आणि देवदाराचा वीतभर देव गुलाबी झग्यात गव्हाणीत उभा राहिला.

केक नव्हता. रीतीप्रमाणे बाळ ज्याच्या हातात सापडला तोच चोर, असा निकाल सोहळ्याला आलेल्या बेकरीवाल्यानं दिला, घंटा वाजवणाऱ्यानं त्याला दुजोरा दिला. इन्स्पेक्टर थोडा वेळ बावरले, मग ताठ झाले आणि म्हणाले की आपण तीन दिवसांत चोर शोधू असा शब्द दिला होता, तो पाळलाय. ते केक आणायला गेले. असा शब्द त्यांनी कधीच दिला नव्हता, हे मी सांगितलं नाही.

निघताना दोन्या एर्सिलियांनी शाल सारखी केली. बाळ परत न्यायला ओमाइराबाई तो गुंडाळू लागल्या, तेव्हा त्यांनी हातानंच थांबवलं.

"राहू दे तुझ्याकडेच. पुढच्या डिसेंबरात तुझ्या घरी मांड, मी तिकडे येईन," त्या म्हणाल्या. "झगा धुऊन ठेव. आणि त्या मिशीवाल्याच्या हातात पुन्हा देऊ नकोस."