हसताना दिसणारी दाढ

दाढ किडली तर ती भरावी, याबद्दल आमच्या कंपनीत कधीच दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच, की कशानं भरावी. मागची दाढ असेल तर चांदी. पांढरं सिमेंट हवं असेल, तर ती दाढ हसताना दिसली पाहिजे, असं आमच्या दंतविम्याच्या नवव्या पानावर स्वच्छ लिहिलेलं आहे. कोणाचं काय हसताना दिसतं, हे ठरवणारा विभाग डे मॉइन शहरातल्या कचेरीत चौथ्या मजल्यावर आहे आणि गेली अकरा वर्षं मी तिथे इमानेइतबारे काम करतो.

ऑगस्टमध्ये अर्लिन थोर्सगार्ड यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला. वय एकसष्ट, धंदा गुरांच्या बाजारात लिलाव पुकारण्याचा, तक्रार खालच्या उजव्या दाढेची. त्यांच्या दातांच्या डॉक्टर क्विस्टबाईंनी दोन्ही बाजू नीट समजावल्या होत्या: चांदी दणकट, वर्षानुवर्षं टिकते, पण काळी दिसते; पांढरं दातात मिसळून जातं, पण भरताना दाढ कोरडी ठेवावी लागते आणि वेळ खातं. अर्लिननी पांढरं मागितलं. पुकारताना त्यांचा जबडा सताड उघडतो आणि पहिल्या रांगेतले शेतकरी थेट पडजिभेपर्यंत बघतात. ऑक्टोबरात वासरांचा मोठा बाजार होता. तीस वर्षं तो त्यांनीच पुकारला होता, आणि ठणकत्या दाढेनं चार तास पुकारणं काही शक्य नव्हतं. आमचा निर्णय येईपर्यंत बाईंनी तात्पुरतं सिमेंट लिंपून दिलं. ते सहा आठवडे टिकतं. आमचा निर्णयही साधारण तेवढ्यातच येतो, कधी थोडा उशीर होतो.

मी नियमानुसार हसतानाचा फोटो मागवला. त्यांनी स्वतःच्या लग्नातला पाठवला. त्यात ओठ घट्ट मिटलेले होते. मी शेरा मारला, ‘हास्य आढळले नाही.’ दुसरा फोटो बाजारातला होता. तोंड हे एवढं उघडं, दाढ लख्ख दिसत होती. पण नियमात ‘हसताना’ आहे, ‘पुकारताना’ नाही. तोही परत केला.

त्यांचा फोन आला. “तुम्हाला दाढ दिसली की नाही?”

“दिसली. पण तुम्ही हसत नव्हतात.”

“अहो, मी लिलाव पुकारतो! मी हसलो तर लोकांना वाटेल, गाय आजारी आहे.”

“मग चांदी भरून घ्या.”

“बरं बाबा, चांदी तर चांदी. दुखतंय मला.”

“त्यासाठी पांढरं नाकारल्याचं पत्र लागेल.”

“मग नाकारा की!”

“नाकारता येत नाही. अर्ज विचाराधीन आहे. आणि विचाराधीन दाढेला कुणी हात लावायचा नाही, असा डॉक्टरांशी आमचा करार आहे.”

“माझ्या खिशातून भरली तर?”

“हात तो हातच, अर्लिन.”

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

तिसरा फोटो आला, त्यात ते हसत होते. पण बायकोनं मागून चिमटा काढल्याचं स्पष्ट दिसत होतं. ‘हास्य ओढूनताणून आणलेले,’ असं मला लिहावं लागलं. शेवटी साहेब म्हणाले, “तू स्वतःच जाऊन बघून ये.” सप्टेंबर संपता संपता मी तीन तास गाडी हाकत त्यांच्या घरी पोचलो.

त्यांच्या बायकोनं, आर्डिसनं, अक्रोडाचा केक पुढे ठेवला. अक्रोड घरच्याच झाडाचे होते. अर्लिन डावीकडून जपून चावत होते, कारण तात्पुरतं सिमेंट आदल्या आठवड्यात निघून आलं होतं. मी कंपनीच्या मंजूर यादीतले तीन विनोद सांगितले. अर्लिन म्हणाले, “वाईट नाहीत.”

“कशाला घसा कोरडा करताय?” आर्डिस म्हणाली. “चाळीस वर्षांत मी याला दोनदा हसताना पाहिलंय. त्यातलं एकदा माझी आई घसरून पडली होती.” मग तिनं फ्रिजवर लावलेलं, तिसऱ्या फोटोनंतर गेलेलं माझंच पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं: “‘आपण स्वभावतः हसत नसल्यास, तसे दोन साक्षीदारांसमोर हसून सांगावे.’”

 आधी अर्लिनचे खांदे हलले, आणि मग तो माणूस असा हसला, की कपाटातल्या बश्या वाजल्या. मी वाकून पाहिलं. खालची उजवी, शेवटून दुसरी, पूर्ण दिसत होती! मी तिथल्या तिथे बॅग उघडली आणि अर्जावर मंजुरीचा शिक्का उमटवला. हसता हसता त्यांनी तोंड मिटलं, आणि केकमधला, भलत्याच बाजूला गेलेला अक्रोडाच्या कवचाचा तुकडा दाढेखाली आला. कट्कन आवाज झाला.

“मंजूर झाली,” मी म्हणालो.

“कुठली?” आर्डिसनं बशीतल्या अर्ध्या दाढेकडे बघत विचारलं.

उरलेली अर्धी क्विस्टबाईंनी उपटली. ऑक्टोबरच्या बाजारात त्या फटीतून अर्लिनच्या प्रत्येक आकड्यामागे शिट्टी वाजू लागली आणि शिट्टीच्या इशाऱ्यावर गुरं वळवणारे सगळे कुत्रे धावत मंचावर चढले. दुपारनंतर दुसऱ्या माणसाला उभं केलं. अर्लिन टोपी डोळ्यांवर ओढून शेवटच्या रांगेत बसले होते, असं आर्डिसनं फोनवर सांगितलं. मला खरोखरच वाईट वाटलं, आणि ते मी साहेबांना बोलूनही दाखवलं.

“मंजुरी दिलीस ना?” साहेब म्हणाले. “मग आपल्याकडून काय राहिलं?”

आता त्या फटीत खोटी दाढ बसवण्यासाठी त्यांचा नवा अर्ज आला आहे. नियम तोच, फट हसताना दिसली पाहिजे. अर्लिन त्या दिवसानंतर हसलेले नाहीत, त्यामुळे प्रकरण विचाराधीन आहे.

तुम्ही मात्र वाचताना एकदोनदा हसलात, असं मी धरून चालतो. त्याची नोंद घेता येणार नाही, कारण समोर आमचं कुणी नव्हतं. तरी सवड काढून तुमच्या विम्याचं नववं पान एकदा वाचाच. पहिल्यांदाच वाचत असाल. खाली सही तुमचीच आहे.