अंतिम तांत्रिक आग्रह

"आवाज चढवायचा नाही, आणि खरं सांगितल्याशिवाय दिवस मावळू द्यायचा नाही," असं आई सांगायची. हे दोन्ही एकाच दिवसात कसं बसवायचं ते मात्र तिने सांगितलं नाही. ती गेली त्या रात्री मी तिच्या उशाशी बसून हो म्हटलं होतं, तेव्हा आता विचारायची सोय नाही. रोज सकाळी प्रार्थनेनंतर हे दोन नेम मी नव्याने घेते.

या विश्वात कोणीही केवळ स्वतःच्या बळावर फार लांब जात नाही. आमचं यान-कार्यालय याच तत्त्वावर उभं आहे. लांबच्या प्रवासाला इंधन पुरत नाही, म्हणून यानाला वाटेतल्या एखाद्या मोठ्या ग्रहाजवळून अशा बेताने नेतात, की त्याच्या ओढीने ते गोफणीतल्या दगडासारखं पुढे भिरकावलं जातं. यानाचा वेग वाढतो, ग्रहाचा किंचित कमी होतो. (इतका किंचित, की मोजत नाहीत.) यान पोचलं की टाळ्या होतात. ग्रहाला कोणी बोलावत नाही.

मी इथे सव्वीस वर्षं यानाच्या मार्गाची आकडेमोड तपासते. माझ्या टेबलाजवळ शिकून गेलेल्या चार उमेदवारांपैकी एक आज प्रमुख आहेत, दोन उपप्रमुख आणि एक परदेशी. माझा वेग मोजलेला नाही.

आमच्या कार्यालयाचं खरं वैभव म्हणजे 'भावना वर्गीकरण नियमावली'. ती येण्याआधी माणसं कुठेही, कशीही चिडत. आता शिस्त आहे. पुरुष कर्मचाऱ्याने टेबलावर मूठ आपटल्यास तो 'तांत्रिक आग्रह'. फाईल भिरकावल्यास 'तातडीचा तांत्रिक आग्रह'. खुर्ची फेकल्यास 'अंतिम तांत्रिक आग्रह', आणि मग अर्ध्या तासात बैठक बोलावणं बंधनकारक. (या शेवटच्या कलमात 'पुरुष' हा शब्द घालायचा राहून गेला आहे. समितीला गरज वाटली नसावी.) महिला कर्मचाऱ्याने एकच गोष्ट दोनदा सांगितल्यास ती 'भावना', आणि तो कागद कल्याण कक्षाकडे. पुरुषांना रडू येत नाही. त्यांच्या डोळ्यांत धूळ जाते, आणि ती नोंद देखभाल विभागाकडे जाते. मागचं यान हरवलं त्या आठवड्यात प्रमुखांच्या खोलीतले पंखे तीनदा पुसले. बिचारे चौथ्यांदाही दार लावून बसले होते, पण तोवर फडकी संपली होती.

गेल्या वर्षी कार्यालयात चारशे बारा वेळा आवाज चढले. पैकी चारशे नऊ तांत्रिक, तीन भावनिक. (त्या तिन्ही वेळा मला खोकला होता.)

सोमवारी मला एक चूक दिसली. ग्रहापासूनचं अंतर एका चमूने त्याच्या मध्यापासून मोजून दिलं, दुसऱ्याने ते पृष्ठभागापासूनचं समजून घेतलं. म्हणजे यान फार लांबून जाणार, पुरेसा रेटा मिळणार नाही, आणि नऊ वर्षांचं काम काळोखात भरकटणार. मार्ग ठरवणारा शेवटचा आदेश यानाकडे शुक्रवारी संध्याकाळी सहाला सुटणार होता. मी प्रमुखांना चिठ्ठी लिहिली. मंगळवारी तीच पुन्हा लिहिली. बुधवारी कल्याण कक्षातून बोलावणं आलं.

"बसा हो ताई. घरी सगळं ठीक ना?" कल्याण अधिकाऱ्यांनी विचारलं.

"घरी ठीक आहे. यान चुकतंय."

"बघा, यानाचं नाव काढलं तरी डोळे भरून येतात तुमचे."

"चष्मा नवीन आहे, साहेब."

"असं आतल्या आत नका ठेवू," असं म्हणून त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि दीर्घ श्वासोच्छ्वासाचं पत्रक दिलं. पत्रक चांगलं होतं. मागच्या कोऱ्या बाजूवर मी सगळा हिशोब पुन्हा केला. चूक तिथेच होती.

गुरुवारी प्रमुखांना जिन्यात गाठलं. "मॅडम, तुम्ही आम्हाला आईसारख्या," ते दोन-दोन पायऱ्या चढत म्हणाले, "पण आत्ता इमोशनल नका होऊ."

आज शुक्रवार. पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत.

इथवर वाचून 'मुद्दा बरोबर आहे, पण बाई फारच मनाला लावून घेतात' असं तुमच्या मनात आलं असेल, तर आमच्या समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करू नका; तुमची निवड झालेली आहे.

मी पत्रक घडी करून पदराआड ठेवलं. टेबलामागची खुर्ची उचलून पाहिली. सव्वीस वर्षं बसले, पण इतकी हलकी असेल असं वाटलं नव्हतं. आईने आवाज चढवू नको म्हटलं होतं, तो माझा. खुर्चीच्या आवाजाबद्दल ती काही बोलली नव्हती. मी खुर्चीची मनातल्या मनात क्षमा मागितली, ती दोन्ही हातांत नीट धरली, आणि पायांचाही आवाज होणार नाही अशा बेताने प्रमुखांच्या खोलीकडे निघाले.