शिंक आणि दोन बोटं कापड

टेलर मास्तरांनी बायकोसाठी शिवलेला गाऊन तिसऱ्यांदा जमिनीवर लोळायला लागला, तेव्हा ते तडक कापडवाल्याकडे गेले.

"धुतल्यावर कापड आटतं म्हणतात. तुझं वाढतंय!"

"मास्तर, कापड वाढत असतं तर मी विकलं असतं का? घरी बसून वाढवत बसलो असतो."

मग मास्तरांनी टेपवर आळ घेतला. नवा टेप आणला, त्यानेही तेच माप दाखवलं, म्हणून तोही भिकार ठरला. आपलं चुकलं असेल ही शंका त्यांना शिवली नाही. मास्तरांचं माप चुकलं म्हणणाऱ्याचे कपडे ते पुन्हा हातात घेत नसत. त्यांनी प्रत्येक वेळी दोन बोटं कापड कापलं आणि तुरपाईला बायकोकडेच दिलं. दुकानातली सगळी तुरपाई तीच करायची, हल्ली पाठीला उशी लावून.

"पाठीत कळ येते हो."

"मशीनवर बसतो मी आणि पाठ दुखते तुझी! अजब आहे."

शेवटी त्यांनी तिला ठोकळ्यावर उभं केलं आणि तोंडात टाचण्या धरून खाली बसले.

"सरळ उभी राहा."

"सरळच आहे."

"ही सरळ? मग वाकडी कशी असतेस?"

त्यांनी कापड झटकलं. खडूची भुकटी उडाली आणि बायको शिंकली. साधी शिंक, पण तिच्यासरशी ती मटकन खाली बसली.

"टाचणी लागली का गं?"

तिला बोलता येईना. चेहरा पांढराफटक पडला होता. शेजाऱ्यांना हाक मारायला मास्तरांनी तोंड उघडलं, तेव्हा टाचण्या अजून तोंडातच आहेत हे त्यांच्या ओठांना कळलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरला.

"मणका दबलाय, काका."

"शिंकेनं?"

"हाडं ठिसूळ झाली की शिंकही पुरते. आणि वरचे दोन आधीच दबलेत. काकूंची उंची कमी होतेय हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," मास्तर म्हणाले. "मी गाऊन कापला."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मास्तरांना स्वतःची अशी लाज वाटली की त्यांनी नजर फरशीवर खिळवली. बायको उंचीनं कमी होत होती आणि ते चूक कापडात शोधत बसले होते.

"गेलेली उंची परत येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढची हाडं वाचवायची. औषध, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. दुखणं उतरलं की रोज चालणं. वाकून काही उचलायचं नाही, पाय अडकेल असं घरात काही ठेवायचं नाही. उद्या खुब्याचं हाड मोडलं, तर काकू पुन्हा स्वतःच्या पायावर चालतील याची खात्री मी देणार नाही."

"राहू दे औषध," खाटेवरून बायको म्हणाली. "म्हातारपणी वाकायचंच असतं."

"अगं, असं नको बोलूस!" मास्तरांचा आवाज चिरकला. "तू पडून राहिलीस तर मी काय करू? माझ्यासाठी घे. हवं तर पाया पडतो."

बायकोने डॉक्टरीणबाईंकडे मान वळवली.

"घेईन. पण आधी यांना मोजा."

"मला? मी ठणठणीत आहे!"

"तुमचे सदरे खालून कोण दुमडतं?"

"तू."

"दोनदा आखूड केलेत. गुपचूप."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर त्या बिचाऱ्या कापडवाल्याची खैर नव्हती."

"पुरुषांनाही होतं हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या पट्टीकडे बोट दाखवलं. "चपला काढा, काका."

मास्तर भिंतीला पाठ लावून उभे राहिले. छाती पुढे काढली, मान ताणली, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून हळूच चवड्यांवर झाले.

"टाचा खाली," खाटेवरून आवाज आला.