भोईटे सरांचा डबा

दिवाळीला मी भोईटे सरांकडे फराळाचा डबा पाठवला. रीतीप्रमाणे तो रिकामा न येता चिवडा घालून परत आला, आणि दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "म्हणजे तुम्ही दिलात अर्धाच डबा. परत आलेलं दिल्यात धरू नका, ताई."

विनोद नव्हता तो. त्यांनी येताना-जाताना डब्याचं वजन केलं होतं.

सांगलीच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात मी रेडिएशनचं मशीन चालवते; सर ते तपासतात. मशीनच्या डोक्यात, किती दिलं ते मोजणारा एक कप्पा असतो. त्याखालचे, झोत लहान-मोठा करणारे जड धातूचे जबडे मिटत आणले की थोडं रेडिएशन त्यांवर आपटून माघारी जातं, आणि कप्पा तेही मोजतो. मशीनला वाटतं पुरेसं झालं, ते थांबतं. पेशंटला पोचतं जरा कमी. फरक बारीकच, पण तो मोजायला सर रविवार-रविवार जबडे उघडमीट करत बसत. घरी जा, वहिनी वाट बघत असतील, असं म्हटलं तर म्हणत, "मशीन थापा मारतं हो. बघायला कोणीतरी पाहिजे."

मग मालनवहिनीच आमच्या वॉर्डात दाखल झाल्या. घास उतरेना. अंगात ताकद राहिली नाही तर उपचार थांबवावे लागतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सर रोज स्वतः मुगाची खिचडी करत, मीठसुद्धा ग्रॅमवर. डबा जाताना काट्यावर, येताना काट्यावर. रिकामा आला की वॉर्डाच्या दारात उभे राहून साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगत, "आज शंभर टक्के पोचलं."

खिचडी खायची शेजारच्या खाटेवरची हौसाबाई, कवठे महांकाळची. मी एकदा बघितलंच.

"यांना सांगू नका," वहिनी म्हणाल्या. "डबा रिकामा दिसला की तेही जेवतात."

मी सरांना सांगितलं नाही. मशीनवर विश्वास न ठेवणारा माणूस रिकाम्या डब्याला फसला, याचं तेव्हा मला हसूही आलं.

महिन्याभरात वहिनी गेल्या. तेरावा उरकून सर कामावर आले ते डबा घेऊनच, आणि तो हौसाबाईला देऊन आले. तिची चार रेडिएशनं राहिली होती. दुपारी तिनं डबा धुऊन आणून दिला. "आवं सायेब, तुमच्या हाताला मीठ लय कमी हाय," असंही ऐकवून गेली. आत मूठभर बेदाणे होते. सरांनी काटा पुढे ओढला, मग तसाच मागे सारला.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी कळलं. असेच बेदाणे आले होते. नवऱ्याचा डबा कोणी भरून परत पाठवतं का? मग मी दोघींपुरती करायला लागलो. म्हटलं, हौसाबाईचं बघून हीपण दोन घास खाईल."

"मग दारात उभं राहून ते शंभर टक्के?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

"ते हिला आत ऐकू जायला पाहिजे होतं, ताई."