जागच्या जागी डोंगर

गटाची सायकलफेरी कशी न्यावी हे मला कुणी शिकवायला येऊ नये! दर रविवारी सकाळी मी माणसांना डोंगरदऱ्यांतून हिंडवून आणतो आणि आजवर एकाच्याही गुडघ्याला खरचटलेलं नाही. खरचटेल कसं? कुणी घराबाहेरच पडत नाही!

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सायकल खोलीतच एका स्टँडवर पक्की बसवायची. मग आपण पेडल मारायचं, मागचं चाक जागच्या जागी गरागरा फिरतं आणि समोरच्या पडद्यावर आपल्यासारखाच, फक्त पोट नसलेला, एक माणूस रस्त्याने निघतो. बाकीचेही आपापल्या घरी हेच करत असतात. पडद्यावर सगळे एकत्र दिसतात, कानातल्या हेडफोनवर एकमेकांशी बोलता येतं, आणि ज्याच्या डोक्यावर पिवळा झेंडा फडकतो तो फेरीचा म्होरक्या. म्हणजे अस्मादिक!

सुरुवातीला माझ्यामागे तीसेक जण असायचे. मग गळती लागली. कुणाची पाठ धरली, कुणाचं लग्न झालं, कुणी न सांगताच दुसऱ्याच्या फेरीत पळाला. उरले सहा. एके दिवशी क्लबच्या संयोजकबाईंचा फोन आला.

"या रविवारी दहा तरी माणसं दिसली पाहिजेत. नाहीतर तुमची फेरी बंद करावी लागेल."

मी फोन ठेवला आणि रविवारला किती दिवस उरलेत ते बोटांवर मोजलं. हसू नका! मी नगरकार्यालयात मृत्यूच्या नोंदी घेतो. माझ्या खिडकीसमोर कुणी हसत येत नाही. घरी यावं तर बायको नर्स, ती बहुतेक वेळा ड्युटीवर. आणि बाबा, आई गेल्यापासून बोलायचेच बंद झालेले. आयुष्यभर शिंप्याचा धंदा केलेला माणूस, एके काळी गिऱ्हाइकाचं माप घेता घेता त्याच्या तीन पिढ्यांची चौकशी करायचा! आता दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. घरात घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायची. आठवड्यातून एकदा कुणीतरी मला "काय म्होरके, कसे आहात?" असं विचारायचं, ते त्या सायकलवर. तेवढंही गेलं तर माझ्याकडे राहिलं काय?

"लोक का जातात, माहितीय?" बायको म्हणाली. "तुझा आवाज! तू नुसतं 'नमस्कार' म्हणालास तरी माणूस विचारतो, 'कोण गेलं?'"

"मग मी काय करू? गाऊ?"

"गाऊ नकोस. नुसतं बोल. माणसांशी बोल."

ठरलं! फेरीची सुधारणा करायचीच! म्होरक्यांसाठी क्लबने दिलेल्या सगळ्या सूचना मी वाचून काढल्या. त्यात एक फार गुणी सोय सापडली. ती चालू केली की सगळा गट जणू एका दोरीने बांधला जातो. कुणी जोरात मारा, कुणी रडतखडत मारा, पडद्यावर सगळे बरोबरच राहतात. एकच अट, म्होरक्याने थांबायचं नाही. तो थांबला की अख्खी वरात थांबते. शिवाय बोलताना धाप लागू नये म्हणून मी एक पंखा आणला. कारखान्यात लावतात तसला! चालू केला की खिडकीचे पडदे छताला लागायचे. खोलीत जागा नव्हती ही अडचण मी आधीच सोडवली होती. तिथे बाबांचं पायाने चालवायचं शिलाई मशीन नुसतं धूळ खात होतं, ते सायकल आली तेव्हाच देऊन टाकलं होतं.

रविवार उजाडला. बाहेर मळकट उजेड, जिन्यातला दिवा गेलेला, बायको ड्युटीवर. मी सायकलवर चढलो, हेडफोन लावला, पंखा सोडला. सहाच्या सहा हजर! म्हटलं, आता बोलायचं. माणसांशी बोलायचं.

आमच्यात एक दम्याचे वकील आहेत. मी अगदी जिव्हाळ्याने म्हणालो, "वकीलसाहेब, स्वतःला जपा. तुम्ही आम्हाला हवे आहात."

पलीकडून बारीक आवाज आला, "माझे रिपोर्ट तुमच्याकडे कसे आले?"

"छे हो! मी सहज म्हणालो."

"सहज असं कुणी म्हणतं का?" आणि त्यांनी काढता पाय घेतला. पाठोपाठ बेकरीवाला "भट्टीत पाव राहिलेत" म्हणून सटकला. त्याची बेकरी रविवारी बंद असते!

उरले चार. आणि नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली. एकदा, दोनदा, मग कुणीतरी बोट दाबूनच धरलं. पुढे मोठा चढ, मी थांबलो तर सगळे थांबणार आणि थांबलेली माणसं घरी जाणार. घरीच असतात म्हणा, पण जाणार!

"बाबा!" मी ओरडलो. "जरा इकडे या ना!"

बाबा खुर्चीतून उठून दारात आले.

"दोन मिनिटं इथे बसा. नुसते पाय हलवत राहा, थांबू नका. कुणी काही विचारलं तर 'हूं' म्हणा, बस्स!"

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सायकलकडे बघितलं, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि चढून बसले. मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि दाराकडे धावलो. धावलो कसला, खुरडत गेलो. त्या सायकलच्या बुटांना तळाला खुरासारखी पट्टी असते, घरातल्या फरशीवर माणूस नाल ठोकलेल्या घोड्यासारखा चालतो.

दारात खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई. हातात झाडू. आमच्या सायकलची घरघर सुरू झाली की त्या खालून छत ठोकतात. आज ठोकून उपयोग झाला नाही म्हणून झाडूसकट वर आल्या होत्या.

"हा विमानतळ आहे का?" त्या म्हणाल्या.

"नवा पंखा आहे बाई, हळू करतो," असं म्हणत मी नम्रपणे एक पाऊल बाहेर टाकलं. पंख्याने मागून असा काही जोर केला की धाडकन दार बंद! किल्ली आत, फोन आत, आणि मी अंधाऱ्या जिन्यात, अंगाला चिकटलेल्या चड्डीत, घामाने निथळत.

मी दार बडवलं. "बाबा! बाबा!"

उत्तर नाही. येणार कुठून? कानात हेडफोन, वर तो राक्षसी पंखा.

"काय झालं?" बाईंचा आवाज एकदम मऊ झाला.

"बाबा आत एकटेच आहेत," मी म्हणालो. "हाका मारतोय, उत्तर देत नाहीत."

"अगं बाई! कधीपासून?"

सरकारी नोकरीत खरं सांगायची खोड लागते. "आई गेल्यापासून," मी म्हणालो.

बाईंच्या हातातला झाडू गळून पडला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. घाम डोळ्यांत जाऊन ते लाल झाले होते, आवाज तर जन्माचाच तसला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडून घ्या. मोकळं व्हा."

"अहो, तसं काही नाही! बाबा सायकलवर बसलेत! चार माणसांना घेऊन डोंगर चढतायत!"

"हो, हो," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "गेले डोंगरावर. चांगल्या ठिकाणी गेले."

आणि त्यांनी शेजारचं दार ठोठावलं! मग समोरचं, मग वरचं. शेजारचे दातांचे डॉक्टर तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले, ऐकलं आणि ब्रश काढून मान खाली घालून उभे राहिले. कुणी माझ्यासाठी खुर्ची आणली, कुणी पाणी आणलं, कुणी माझ्या चड्डीकडे बघून अंगावर शाल टाकली.

"अहो, ते जिवंत आहेत!"

"आपल्या मनात कायम जिवंतच राहणार," डॉक्टर म्हणाले. "काल जिन्यात दिसले होते. किती शांत वाटले!"

"ते कायमच शांत असतात!"

"आता तर कायमचेच," असं म्हणून बाईंनी पुन्हा डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात त्यांनी माझ्या बायकोच्या इस्पितळात फोनही केला होता. काय सांगितलं देव जाणे! थोड्याच वेळात खाली भोंगा वाजला. बायको जिने चढत वर आली, मागे स्ट्रेचर घेतलेली दोन माणसं. ती रडत होती. बाबांचं आणि तिचं फार जमायचं. तिला तसं बघून मलाच क्षणभर शंका आली. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, मी त्याला चढावर एकटा सोडून आलो. खरंच काही झालं असेल तर? उद्या माझ्याच खिडकीसमोर मलाच उभं राहावं लागणार, असंही मनात येऊन गेलं.

बायकोने किल्ली लावली. दार उघडलं. आम्ही सगळे चोरपावलांनी आत शिरलो.

दाराकडे पाठ करून बाबा सायकलवर बसले होते. पाय संथ, एका लयीत फिरत होते, मशीनवर फिरायचे तसे. आणि बाबा बोलत होते! मोठमोठ्याने, हात हलवत!

"पाय चालू असले ना, की माझं तोंड आपोआप चालतं बघा. मशीन होतं तोवर बोलायचो मी. मग मुलाने ते देऊन टाकलं, तिथे ही सायकल आणली. नाही, नाही, वाईट नाहीये हो तो! भाबडा आहे. पण त्याच्या कानात हे असतं ना, आत्ता माझ्या आहे ते. मी पलीकडून हाका मारायचो, 'अरे, जरा ये, आईची आठवण येतेय.' ऐकू जायचं नाही त्याला. मग म्हटलं, कशाला उगाच घसा कोरडा करा? सोडून दिलं."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते, बाई बघत होत्या, स्ट्रेचरवाले बघत होते. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! वाटलं, जावं आणि त्यांचे पायच धरावेत.

मी पुढे पाऊल टाकलं. फरशीवर माझ्याच घामाचं तळं, पायात ते नाल ठोकलेले बूट. सर्रकन घसरलो आणि असा आपटलो की खिडक्यांची तावदानं हादरली! पायात काहीतरी कट्कन वाजलं.

बाबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. हेडफोनवर म्हणाले, "काही नाही हो, घाबरू नका. खालच्या बाई आहेत. झाडूने छत ठोकतात, पण मनाने चांगल्या आहेत."

बाई लाजल्या. मी फरशीवरून मान उचलून पडद्याकडे पाहिलं. पिवळ्या झेंड्यामागे वरात लागली होती वरात! पळालेले वकील परत आले होते, बेकरीवाला होता, आणि उरलेल्या चौघांनी ज्यांना ज्यांना फोन करून "लवकर या, म्होरक्याचे बाबा बोलतायत" म्हणून बोलावलं होतं ते सगळे होते. पूर्वीचे तीस तर परतले होतेच, वर नवीनही आले होते.

स्ट्रेचरवाले म्हणाले, "आलोच आहोत तर यांना घेऊन जातो."

संध्याकाळी, पायाला प्लास्टर घालून पडलो होतो तेव्हा, संयोजकबाईंचा फोन आला. इतक्या खुशीत त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. "अभिनंदन! फेरी चालूच राहणार. म्होरक्या मात्र तुमचे बाबा! तुम्ही आराम करा. घाई नाही, अजिबात घाई नाही."

तर अशी फेरी सुधारली! आता रविवारच काय, रोजच त्या खोलीतून घरघर येते आणि बाबांचं हसणं येतं. बायको ड्युटीवर असते. मी बाबांच्या खुर्चीत बसतो, पाय स्टुलावर ठेवतो. पाण्याचा तांब्या नेमका हात पुरत नाही तिथे असतो. आणि ही समोरची भिंत, हिचा रंग इतका उडालाय, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

आत्ताच हाक मारली, "बाबा, जरा येता का? पाणी हवंय."

आले नाहीत. पुन्हा मारून बघतो.